धागा: मांड्यांना तिसऱ्या दिवशी बुरशी, लवंग तेलाचं पॅकिंग खरंच चालतं का?

यावलची_सून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडे सासूबाई खापरावरचे मांडे करतात. आधी फक्त घरच्या लग्नाला नि आखाजीला व्हायचे, आता तीन वर्षं झाली ऑर्डरने करतो, मदतीला दोघी येतात. जळगाव-भुसावळचं काही टेन्शन नाही, सकाळी केले संध्याकाळी पोचले. पण पुण्याच्या ऑर्डरी वाढल्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सला पार्सल देतो, सकाळी उतरतं, लोक दुपारपर्यंत घेऊन जातात आणि मग पुरवून पुरवून खातात. उन्हाळ्यात सगळं नीट चाललं, पाऊस लागल्यापासून मात्र तिसऱ्या दिवशी घडीच्या आत पांढरी-हिरवी बुरशी. मागच्या आठवड्यात एका काकूंनी फोटोच पाठवला, मला रडूच आलं, पैसे परत केले.

तर प्रश्न असा की जळगावला एका प्रदर्शनात एक जण सांगत होता, लवंग, दालचिनी, ओवा यांच्या तेलाचं पॅकिंग येतं, तेल पिशवीतच असतं, पदार्थात काहीच टाकायचं नाही, बुरशी थांबते, शंभर टक्के नॅचरल. त्याची कमीत कमी ऑर्डर ऐकूनच मी उठले. पण डोक्यातून जात नाहीये. मांड्यात पावडरी घालायच्या नाहीत, मी घालायला गेले तरी सासूबाई घालू देणार नाहीत. मग मीच पिशवीला आतून लवंग तेल पुसून घेतलं तर चालेल का? कोणी केलंय का असं?

भुसावळकर

मांडे तिसऱ्या दिवसापर्यंत उरतातच कसे, पहिले ते सांगा ना भो.

शंकासूर

शंभर टक्के नॅचरल म्हणजे काय ते एकदा कोणी समजवा राव. धोतराही नॅचरल नि बिब्बाही नॅचरल. बिब्बा उतला की कळतं नॅचरल काय असतं ते.

क्यूए_वाला_जळगाव

ताई, पिशवीला आतून तेल पुसू नका, आधी हे वाचा. मी फूड कंपनीत क्वालिटीला आहे, मांड्यांचं नाही पण मसाल्यांचं नि बेकरीचं काम बघितलंय.

हे तेल म्हणजे आपलं शेंगदाण्याचं तेल नव्हे. वाफेवर ऊर्ध्वपातन करून काढलेलं, उघडं ठेवलं की उडून जाणारं तेल. लवंग तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल नावाचं मुख्य रसायन असतं, ओव्याच्या तेलात थायमॉल, दालचिनीच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड (पानाच्या तेलात परत युजेनॉलच जास्त, दोन्ही बाटल्यांवर दालचिनीच लिहितात, म्हणून विचारून घ्यायचं), गवती चहाच्या तेलात सिट्राल. आता ते काम कसं करतं. जंतू म्हणा की बुरशी म्हणा, पेशीभोवती एक पातळ पापुद्रा असतो, आणि तो बराचसा स्निग्ध पदार्थांचा बनलेला असतो. या तेलाला पाण्यात करमत नाही, ते त्या पापुद्र्यात जाऊन बसतं, पापुद्रा सैल पडतो नि आतलं पोटॅशियम वगैरे बाहेर गळायला लागतं. फुटक्या माठासारखं. ज्या जंतूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, म्हणजे ई कोलायसारखे, ते जरा दाद देत नाहीत. बुरशीवर मात्र ही तेलं चांगली चालतात, त्यामुळे प्रदर्शनातला माणूस अगदीच थापा मारत नव्हता.

यात खरी मजा अशी आहे की तेल पदार्थाला लागावंच लागतं असं नाही. उडणारं असल्यामुळे डब्यातल्या हवेत पसरतं आणि हवेतूनच काम करतं. उलट पदार्थात मिसळलं तर त्यातलं तूप नि डाळीची प्रथिनं तेलाला धरून ठेवतात, मग प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जेवढ्यावर भागतं त्याच्या कितीतरी पट घालावं लागतं, आणि तेवढं घातलं की तोंडात धरवत नाही.

तुमच्या सासूबाई लोणच्याची बरणी कशी करतात? निखाऱ्यावर हिंग टाकून बरणी वरून उपडी धरतात ना? झालं, तेच हे.

यावलची_सून

अय्या खरंच की! हिंगाची धुरी तर आम्ही दर वर्षी देतो. सासूबाईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग यात नवीन काय सांगून राहिला तो पोरगा.

पाऊचवाला_धुळे

नवीन आहे ते पॅकिंगमध्ये, म्हणून मी मधे पडतो. माझं धुळ्याला पाऊच नि रोलचं काम आहे, हे तेलवालं पॅकिंग मी विकत नाही, त्यामुळे बिनधास्त बोलतो.

ताई तुम्ही साधी पॉलिथिनची पिशवी वापरत असाल. एक करा, त्या पिशवीत हिंगाचा खडा घाला, गाठ मारा, कपाटात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी कपाट उघडा. पॉलिथिन पाणी अडवतं पण वास अडवत नाही. म्हणजे तुम्ही महागाचं लवंग तेल घालणार, रात्रभरात निम्मं पॉलिथिनच पिऊन घेणार नि उरलेलं बाहेर जाऊन ट्रॅव्हल्सच्या डिकीला वास लावणार, मांड्यांना काय मिळालं? वास आत ठेवायचा तर पॉलिएस्टरचा थर असलेला पाऊच लागतो, किंवा काचेची बरणी. मसालेवाले उगीच का लॅमिनेट घेतात.

दुसरं, ते पिशवीतच तेल वालं. सरळ प्लास्टिकच्या दाण्यात तेल मिसळून फिल्म ओढायची म्हटलं तर मशीनमध्ये १६० ते २०० डिग्री तापमान असतं, तेल तिथंच उडून जातं, शेडमध्ये सगळ्यांचे डोळे चुरचुरतात आणि फिल्ममध्ये नावाला राहतं. म्हणून जे लोक नीट करतात ते तयार फिल्मवर नंतर कोटिंग देतात, नाहीतर तेल आधी कशाततरी बंद करून घेतात, नाहीतर छोटी पुडी वेगळी टाकतात.

आणि कृपा करून थर्माकोलच्या डब्यात हा प्रयोग करू नका. लवंग तेलाची छोटी बाटली मी एकदा थर्माकोलच्या खोक्यात ठेवलेली, बूच सैल होतं, सकाळी बघतो तर बाटली खाली नि तिच्याभोवती वाटीएवढा खड्डा, थर्माकोल चिकट होऊन बसलेलं. विश्वास नसेल तर संत्र्याचं साल थर्माकोलवर पिळून बघा.

भुसावळकर

संत्र्याचं केलं आत्ता. फ्रीजच्या खोक्यातलं थर्माकोल होतं. बायको विचारतेय हे काय चाललंय. खरंच खड्डे पडतात भो!

क्यूए_वाला_जळगाव

पाऊचवाले भाऊ बरोबर. ते कशाततरी बंद करून घेतात म्हटलं ना, त्यातला एक प्रकार मला फार आवडतो म्हणून सांगतो. स्टार्चपासून सायक्लोडेक्स्ट्रिन नावाची साखरेची कडी बनवतात, बीटा प्रकारात सात ग्लुकोज गोल जोडलेले. कडी बाहेरून पाण्याशी सलगी करणारी, आतली पोकळी मात्र तेलकट पदार्थाला आवडणारी, त्यामुळे तेलाचा कण आत जाऊन बसतो. कोरडं असेपर्यंत वास कमी, उडतही नाही. ओल लागली की तेल हळूहळू सुटतं. म्हणजे डब्यात दमटपणा वाढला, बुरशीला पोषक हवा झाली, की नेमकं तेव्हाच तेल बाहेर. कायटोसान आहे, कोळंबी-खेकड्याच्या टरफलापासून काढतात, त्याच्या फिल्ममध्येही तेल घालतात, तो स्वतःच थोडाफार जंतू रोखतो. (उपासाचे पदार्थ नि शाकाहारी गिऱ्हाईक असेल तर लेबल लावायच्या आधी विचार करा, म्हणजे नंतर भांडण नको.) जपानमध्ये जेवणाच्या डब्यावर मोहरी-वसाबीच्या झणझणीत वासाची पातळ शीट ठेवतात, तोच प्रकार.

पण ताई, मला आधी एक सांगा. मांडे किती वेळ गार करता?

यावलची_सून

हाताला कोमट लागेपर्यंत. अर्धा तास म्हणा. गाडी साडेनऊला असते, त्यामुळे घाईच होते. पंख्याखाली ठेवतो.

क्यूए_वाला_जळगाव

हे बघा, इथेच आहे तुमचा रोग.

तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय, बुरशी घडीच्या आत येते. वरून हाताला कोमट लागतो तेव्हा घडीच्या आतलं पुरण चांगलं गरम असतं. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, अशी चळत बांधून पिशवीला गाठ. रात्रभर आतली वाफ निघते, पिशवीला लागून पाणी होतं आणि तेच परत मांड्यावर टिपकतं. पिशवी उघडल्यावर काकूंना आतून ओलं लागलं का विचारा. लागलंच असेल. त्या ओल्या टिपक्यावर बुरशी उगवणार नाही तर काय होणार.

आणि बुरशी येते कुठून? खापरावर तर बुरशी जिवंत राहत नाही. ती गार होताना वरून पडते. तुम्ही पंखा कुठे लावता? तिथेच पीठ चाळता ना? मांड्याला सपीट वस्त्रगाळ करून घेतात, घरभर पीठ उडतं, त्या पिठाबरोबर बुरशीचे कण उडतात आणि पंखा ते छान सगळीकडे पसरवून देतो. कालचं फडकं आज झाकायला घेत असाल तर आणखीच.

तेल राहू द्या थोडं बाजूला. पीठ चाळता त्या खोलीत गार करू नका. जाळीवर एकेक सुटा ठेवा, घडी मोकळी, दीड-दोन तास. स्वच्छ धुऊन इस्त्री केलेलं फडकं. मग बांधा.

यावलची_सून

फडक्याचं अगदी बरोबर ओळखलं, लाज वाटली वाचून. पण मला तेलाचंही बघायचंच आहे, त्याशिवाय चैन पडणार नाही. जळगावहून खाद्य दर्जाचं लवंग, दालचिनी साल नि ओवा तेल मागवलंय. काचेच्या सहा बरण्या आहेत. कशा करू?

क्यूए_वाला_जळगाव

बरण्या उकळून कोरड्या करा. झाकणाला आतून फिल्टर पेपरचा तुकडा चिकटवा, त्यावर तेलाचा थेंब. थेंब मांड्याला लागता कामा नये. एका बरणीत काहीच नको. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला!

हात धुवा, डोळ्याला लावू नका. दालचिनीचं तेल कातडीला चांगलं चावतं. आणि अगरबत्ती-अत्तरवाल्या दुकानातलं तेल आणू नका, त्यात पातळ करायला काय काय घातलेलं असतं ते खाण्याच्या लायकीचं नसतं.

केळीवाला_रावेर

मधेच घुसतो, माफी. आमचं पॅकहाऊस आहे, एक्स्पोर्टला बॉक्स जातात. फणीच्या कापलेल्या दांड्याकडून काळं पडून कुज आत शिरते, गिऱ्हाईक तिथे बोट ठेवून पैसे कापतं. हे तेल त्याला चालेल का? एक कंपनीवाला येऊन गेला, दालचिनी तेलाचं कोटिंग म्हणत होता.

क्यूए_वाला_जळगाव

दांडा कुजण्यामागे कोलेटोट्रायकम, फ्युजॅरियम अशा दोन-तीन बुरश्या मिळून असतात, आणि त्यांच्यावर दालचिनी, थायमॉल चालतं यावर बरंच काम झालंय. पण केळी जिवंत असते भाऊ, मांडा मेलेला असतो. जास्त तेल लागलं तर सालीलाच भाजतं, तपकिरी डाग पडतात, म्हणजे बुरशी वाचवायला जाऊन सालीचा सत्यानाश. आणि कोटिंग जाड झालं तर केळीचा श्वास कोंडतो, पिकवताना एक फणी पिवळी, एक हिरवी. त्याला म्हणा दहा बॉक्सवर फुकट करून दाखव, मग बोलू.

आणि तुमच्या टाकीतलं पाणी दिवसातून किती वेळा बदलता? सुरी? दांडा एका कापात साफ होतो की दोनदा खरवडता?

केळीवाला_रावेर

पाणी एकदाच बदलतो 😐 तुरटी घालतो.

पाऊचवाला_धुळे

क्यूए साहेब सगळ्यांचे फडके नि पाणी काढायला बसलेत आज.

शंकासूर

ठीक आहे, मान्य, काम करतं. पण कायद्याचं काय? उद्या कोणाच्या पोराने ती पुडी फोडून खाल्ली तर?

क्यूए_वाला_जळगाव

बरोबर प्रश्न. आपल्याकडे एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) पॅकेजिंगचे नियम २०१८ चे आहेत. प्लास्टिकमधून पदार्थात एकूण किती उतरू शकतं त्याला मर्यादा आहे, किलोला ६० मिलिग्रॅम किंवा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. आता गंमत बघा, साध्या पिशवीचं चांगलेपण म्हणजे तिच्यातून काही उतरू नये, आणि या पिशवीचं कामच मुळी उतरायचं. युरोपने अशा पॅकिंगसाठी वेगळा नियमच केला, २००९ साली, आणि पुडी खायची वस्तू नसेल तर तिच्यावर तसं लिहायला लावलं. म्हणून ताई, घरच्या प्रयोगाला बरण्या ठीक, पण घरी केलेली तेलाची पुडी गिऱ्हाईकाच्या पाकिटात घालून विकू नका. तपासणीचा रिपोर्ट देणाऱ्या पुरवठादाराकडूनच घ्या, आणि तेलाचा अंश पदार्थात जात असेल तर लेबलवर काय लिहायचं ते फूड ऑफिसमध्ये आधी विचारून घ्या. लवंग-दालचिनी आपण खातोच, त्यात काय, असं म्हणून चालत नाही. दोन लवंगा खाणं वेगळं, दोन लवंगांचा डबा भरून वास वेगळा.

आप्पा_नंदुरबार

राम राम मंडळी. आते इतकं तेल तेल चाललंय तर म्हातारा बोलतोच. मी जंगल खात्यात होतो, रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली. तुम्ही लवंग केरळहून नि दालचिनी कुठून कुठून आणून राहिले, आपल्या खान्देशचं तेल कोणाला माहीत शे का?

रोशा. रोशा गवत. सातपुड्याच्या उतारावर कमरेएवढं वाढतं, पावसाळा संपता संपता फुलोरा येतो, हातात चोळलं तर गुलाबासारखा वास. त्याचं तेल इथे भट्टी लावून काढायचे. १८८० च्या खान्देशच्या गॅझेटियरमध्ये रोशा तेलाची नोंद आहे, पिंपळनेर, नंदुरबारकडचा हा धंदा. मुंबईहून जहाजाने तांबड्या समुद्राकडे जायचं, तिथून तुर्कस्तानात, आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरायचे! युरोपात त्याला तुर्की जिरॅनियमचं तेल म्हणायचे, आणि गवत आपलं. पामारोजा म्हणतात त्याला आता.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला एक म्हातारा भेटायचा तोरणमाळच्या वाटेवर, त्याच्या लहानपणी नाल्याच्या काठी तांब्याची भट्टी असायची म्हणायचा, पाणी पाहिजे ना गार करायला, म्हणून नाल्याकाठीच. गवत कापून एखाद दिवस सुकवायचं नि भांड्यात दाबून दाबून भरायचं. तो म्हणायचा, तेल काढणाऱ्या घरची गोधडी कधी कुबट व्हायची नाही. खरं खोटं देव जाणे.

क्यूए_वाला_जळगाव

आप्पा, वा! हे माहीत नव्हतं. पामारोजात मुख्य जिरॅनिऑल असतं, ७० टक्क्यांच्या वर, आणि ते बुरशीवर चालतं. वास गुलाबाचा, म्हणजे गोड पदार्थाला तर लवंगेपेक्षा बराच बरा. गुलाबजामला नाही का चालत. लोक ओरेगॅनो-थाइमच्या मागे लागतात कारण पेपर त्यांच्यावर जास्त निघालेत.

शंकासूर

म्हणजे तुर्कांना आपण भेसळीचं तेल पाठवलं आणि आता परत पुण्याला पाठवायचं 😄

यावलची_सून

बरण्यांचा रिझल्ट घेऊन आले. रागावू नका.

पहिली, काहीच नाही: तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काठावर कापसासारखा पांढरा ठिपका, चौथ्या दिवशी हिरवा.
दुसरी, लवंग एक थेंब: पाचव्या दिवशी एक ठिपका, अगदी तळाला.
तिसरी, लवंग तीन थेंब: आठव्या दिवसापर्यंत काही नाही.
चौथी, ओवा एक थेंब: सातव्या दिवशीही साफ.
पाचवी, दालचिनी एक थेंब: सातव्या दिवशी साफ.
सहावी, तेल नाही, पण दोन तास जाळीवर गार केलेला: पाचव्या दिवशी ठिपका.

आता वासाचं. लवंग तीन थेंबाची बरणी उघडली तर थेट दातांच्या डॉक्टरकडे गेल्यासारखं. सासूबाईंनी तुकडा तोंडाजवळ नेला आणि म्हणाल्या, याच्यापेक्षा बुरशीचा बरा. ओव्याचा वास आला तर मुलगा म्हणाला पोट दुखतंय का कोणाचं. अमृतधारेत ओव्याची फुलं असतात ना, अगदी तस्सा. दालचिनी मात्र गुळाच्या पुरणाबरोबर वाईट लागली नाही, थोडा केकसारखा वास, पण सासूबाई म्हणाल्या हा मांडा नाही, बेकरीचा माल आहे. वेलची-जायफळाचं तेल असतं ना? ते तर आम्ही पुरणात घालतोच.

क्यूए_वाला_जळगाव

रागावत नाही पण सहावी बरणी सोडून बाकी पाच तुम्ही कोमटच भरल्या ना? मग दालचिनी अधिक गार केलेला अशी बरणीच नाही! नेमकी जी बरणी पाहिजे तीच करायची राहिली. तरी बघा, एका पैशाचंही तेल न घालता नुसत्या गार करण्याने एक थेंब लवंगेएवढे दिवस मिळाले.

वेलचीचं तेल वासाला गोड पण जंतूंना फारसं भारी नाही. लवंग, ओवा यांतले फिनॉल जातीचे घटक सगळ्यांत जालीम, त्यांच्या बरोबरीने किंवा खालोखाल दालचिनीतलं आल्डिहाइड, बाकीचे मागे.

आणि आठ दिवस साफ हे वाचून मला आनंदापेक्षा भीती जास्त वाटली. नीट वाचा हे. बुरशी दिसते, म्हणून लोक टाकून देतात. डाळीच्या पुरणात बॅसिलस सीरियससारखे जंतू असू शकतात, त्यांचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत आणि या तेलांना बीजाणू फारसे जुमानत नाहीत. कोमट पुरण तासन्‌तास पडून राहिलं की ते जागे होतात. पुरणात गूळ जास्त असेल तर थोडं अवघड जातं त्यांना, पण मांड्याचं पुरण काही पाक नसतो. तेलाने बुरशी दाबली आणि आत हे वाढले तर काकूंना दिसायला मांडा एकदम ताजा. बुरशी म्हणजे तुमचा रखवालदार आहे, त्याला गोळी घालून घर सुरक्षित झालं म्हणू नका. म्हणून आठ दिवसांचा विचारच सोडा. तीन दिवसांचे पाच करायचे असतील तरी लॅबमध्ये एकदा तपासून घ्या, फार खर्च येत नाही.

केळी_वेफर्स_फैजपूर

मग आमच्या वेफर्सना हे तेल लावू का? पाकीट दीड महिन्यात खवट होतं.

पाऊचवाला_धुळे

तुमचा आजारच वेगळा आहे. वेफर कोरडा, त्यात बुरशी वाढतच नाही, तुमचं तळणाचं तेल हवेने खवट होतंय. जाड मेटलाइज्ड पाऊच घ्या, नायट्रोजन मारा, कढईतलं तेल वेळेवर बदला. संपलं.

केळी_वेफर्स_फैजपूर

परत तेल बदला. इथे सगळे तेच सांगतात.

यावलची_सून

दुसरा राउंड केला, या वेळी सगळे दोन तास गार, पीठ मागच्या खोलीत चाळलं, फडकी उकळून घेतली. बिनतेलाच्या बरणीत सहाव्या दिवशी ठिपका. दालचिनी एक थेंब, आठव्या दिवसापर्यंत साफ, पण वास आहेच. म्हणजे मला पाहिजे होते ते दिवस तेलाशिवायच मिळाले म्हणायचे.

पुण्याची पद्धत बदलली. मांडे दुपारी दोनलाच उरकतो, संध्याकाळपर्यंत जाळीवर. पाऊचवाल्या दादांकडून पॉलिएस्टरचे पाऊच घेतले, मांड्यांच्या मधे बटर पेपर. पाकिटावर स्टिकर, तीन दिवसांत खा, जास्त ठेवायचे तर फ्रीजमध्ये. फोटोवाल्या काकूंना एक डझन फुकट पाठवले, चौथ्या दिवशी मुद्दाम फोन केला. म्हणाल्या आतून कोरडं होतं, वास चांगला, दोनच उरलेत.

तेलाचं सोडलेलं नाही. सासूबाईंना आप्पांचं रोशाचं वाचून दाखवलं तर त्या एकदम म्हणाल्या, माझ्या माहेरी शहाद्याकडे आजीच्या ट्रंकेत त्या गवताची जुडी असायची. गुलाबाचा वास म्हणे रसाबरोबर चालेल. आप्पा, कुठे खात्रीचं मिळालं तर कळवाल का? एक बरणी करून बघायचीच आहे.

आप्पा_नंदुरबार

बघतो बेटा. ओळखीच्या एकाने शेताच्या बांधावर लावलंय, पण तो अत्तरवाल्याला देतो. खाण्याचं आहे म्हणून सांगून वेगळं काढायला लावतो.

केळीवाला_रावेर

टाकीचं पाणी आता दर चार तासांनी. दहा बॉक्स कंपनीवाल्याला कोटिंगला दिलेत, दहा साधे, दोन्ही साडेतेरा डिग्रीला ठेवलेत. वीस दिवसांनी उघडतो तेव्हा फोटो टाकतो.

भुसावळकर

ताई, माझी दोन डझनची ऑर्डर घ्या. पॅकिंग नको, तेल नको, तिथेच उभ्याने खातो.

यावलची_सून

रविवारी या, अकराच्या आत. आणि रसाचे आंबे तुमचे तुम्ही आणा, आता सीझन संपला.